गुऱ्हाळावरचे पाय आणि शिरेतली तार

आमचे थोरले चुलते करवीर तालुक्यात गुळव्या होते. रस काहिलीत चढला की तिथून हलायची सोय नसते, त्यामुळे हयात उभ्यानंच गेली. चाळिशीतच डाव्या पोटरीवर शिरा पिळलेल्या दोरीसारख्या वर आल्या. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. पुढं घोट्याच्या आतल्या अंगाला जखम झाली, ती कित्येक वर्षं भरली नाही. ऑपरेशनचा विषय निघाला की म्हणायचे, "पाय फाडून शीर वडून काढत्यात. नको मला." त्यांचं ऐकणं खरं होतं, फक्त जुन्या काळातलं होतं.

फुगलेल्या शिरांची नोंद फार पूर्वीची. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’, म्हणजे शिरांची गाठ, आहे, दूषित रक्तासाठी जळवा लावणंही आहे. पण शीर फुगते का, याचा धागा 1603 मध्ये हाती आला. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियसनं शिरांतल्या झडपांचं वर्णन छापलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे यानं 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा झडपांचं काम उलगडलं. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या दाबानं, आणि खाली परतू नये म्हणून झडपा मिटतात. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पोटरी पंप मारत नाही. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं आणि शीर ताणते.

मग शस्त्रक्रिया आली. 1890 च्या सुमारास जर्मनीत ट्रेंडेलेनबर्गनं मांडीतली शीर बांधली. 1907 मध्ये अमेरिकेत बॅबकॉकनं शिरेच्या आत घालायची तार आणली: एक छेद जांघेत, एक खाली, तारेच्या टोकाला शीर बांधायची आणि ओढून काढायची. नंतर पाय काळानिळा. जवळपास शतकभर हाच मुख्य इलाज राहिला. चुलत्यांच्या मनात बसला होता तो हाच.

शिरेतच रक्त गोठून गुठळी होते, तिची कथा वेगळी आहे. रक्त का गोठतं, हे 1856 च्या आसपास जर्मन डॉक्टर फिर्खोनं सांगितलं होतं. 1916 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा शोध लागला. पण आपल्या दूधदुभत्याच्या जिल्ह्याला जवळची वाटेल ती गोष्ट 1933 ची. विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. बुरसटलेल्या वैरणीनं जनावरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्या वैरणीतलं द्रव्य शोधता शोधता वॉरफरीन हे रक्त गोठू न देणारं औषध तयार झालं. 1948 मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि 1954 पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. त्या शेतकऱ्यानं ते रक्त ओतून टाकलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

औषध गुठळी वाढू देत नाही, पण मोठी गुठळी बाहेर कशी काढायची? 1963 मध्ये थॉमस फोगार्टी यांनी फुग्याची बारीक नळी जाहीर केली: गुठळीच्या पलीकडं न्यायची, फुगवायची, मागं ओढायची. 16 जानेवारी 1964 ला चार्ल्स डॉटर यांनी एका बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली. तिचा पाय कापायचा होता, तो वाचला. ती धमनी होती, शीर नव्हे. पण सुईच्या भोकातून रक्तवाहिनीच्या आत जाऊन काम करता येतं, हे त्या दिवशी दिसलं. आज पायातल्या खोल शिरेतली गुठळी निवडक रुग्णांत नळीनं विरघळवतात किंवा ओढून घेतात.

फुगलेल्या शिरेवर लेसर आणि रेडिओलहरी 1999 च्या सुमारास आल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत गुडघ्याजवळून बारीक तंतू आत सरकवतात, शिरेभोवती भुलीचं गार पाणी भरतात आणि तंतू हळूहळू मागं घेत त्याच्या उष्णतेनं शीर आतूनच मिटवतात. रक्त खोल शिरांतून जातं, कारण मुख्य वाट तीच असते.

चुलत्यांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेथवर उभा असतो. त्याच्या पायाचं लेसर सकाळी झालं, दुपारी तो चालत जिना चढला. चुलत्यांनी त्याचा लांब मोजा खाली सरकवायला लावला आणि गुडघ्याजवळची सुईची खूण बराच वेळ बोटानं चाचपत बसले.