गॅस जाऊ दे, नत्र राहू दे

बायोगॅसचा, म्हणजे हवाबंद टाकीत शेण कुजवून मिळणाऱ्या जळणाच्या गॅसचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अहो पण शेणातला सगळा कस गॅसमध्ये निघून जातो, मग शेतात काय नुसता चोथा टाकायचा?" चांगले शिकलेले लोकसुद्धा हे छातीठोकपणे सांगतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, कारण याचं उत्तर नीट कळलं तर सध्या गाजणाऱ्या बायोइकॉनॉमीत (म्हणजे शेण, पेंढा, पिकं अशा जैविक मालावर उभ्या राहणाऱ्या अर्थव्यवस्थेत) गावाच्या फायद्याचं काय आणि तोट्याचं काय हेही बऱ्यापैकी कळतं.

बायोगॅसमध्ये साधारण ५० ते ७० टक्के मिथेन (जळतो तो हाच), उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि किरकोळ प्रमाणात वाफ आणि तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे बाहेर कोण गेलं? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, चिमूटभर गंधक. यातला कार्बन झाडाने हवेतून फुकट घेतला होता, हायड्रोजन पाण्यातून, पुढच्या हंगामात परत घेईल. ज्याच्यासाठी खताच्या गोणीला पैसे मोजावे लागतात ते नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं टाकीतच राहतं. उलट नत्राचा बराच भाग प्रथिनांतून सुटून अमोनियमच्या रूपात येतो, जो पिकाला लवकर मिळतो. यात एक गोम आहे, हे अमोनियम अमोनिया होऊन उडून जायलाही तेवढंच उतावीळ असतं, त्यामुळे स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला, उघड्या खड्ड्यात साठवली किंवा भर उन्हात वरच्यावर ओतली तर कस जातो, पण तो हवेत जातो, गॅसच्या शेगडीत नाही.

आता टाकीच्या आत काय चालतं ते, जे मला सगळ्यात भारी वाटतं. पुस्तकात चार पायऱ्या दिलेल्या असतात: मोठे रेणू तुटतात, त्यांची आम्लं बनतात, आम्लांचं ॲसिटिक ॲसिड आणि हायड्रोजन होतं, आणि शेवटी मिथेन. पहिल्या दोन पायऱ्या जिवाणू करतात, ठीक आहे. मिथेन बनवणारे मात्र जिवाणू नाहीतच, ते आर्किया, जिवाणूंसारखेच एकपेशीय दिसणारे, पण १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे एक वेगळंच घराणं आहे. पण खरी गंमत तिसऱ्या पायरीवर. प्रोपिऑनिक ॲसिडपासून ॲसिटिक ॲसिड आणि हायड्रोजन बनवायची जी क्रिया आहे ती नेहमीच्या परिस्थितीत होऊच शकत नाही, ऊर्जा मिळायच्या ऐवजी घालावी लागते, म्हणजे त्या जिवाणूने जगायचं कसं? तर तयार झालेला हायड्रोजन तिथल्या तिथे कोणीतरी खाऊन टाकला, इतका की त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाच्याही खाली राहिला, तर हिशोब उलटतो आणि क्रिया फायद्यात येते. आणि हायड्रोजन खाणारे कोण, तर शेजारीच बसलेले मिथेनवाले आर्किया. एकाची विष्ठा दुसऱ्याचं जेवण, आणि दुसरा जेवला नाही तर पहिला उपाशी मरणार. अशी जोडी इतकी घट्ट असते की एक 'सूक्ष्मजीव' कित्येक वर्षं एकटा म्हणून ओळखला जात होता आणि १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोघं आहेत!

हे कळलं की टाकी का 'आंबते' ते आपोआप कळतं. कोणी हौसेने एकदम जास्त माल टाकला की आम्लवाले झपाट्याने वाढतात, मिथेनवाले जात्याच संथ, हायड्रोजन तुंबतो, प्रोपिऑनिक ॲसिड साचतं, पीएच घसरतो (म्हणजे आंबटपणा वाढतो), आणि मिथेनवाल्यांना सातच्या आसपासचा पीएच लागतो म्हणून तेही गारठतात. वरून दिसतं काय तर फेस, आंबूस वास, आणि ज्योत नीट धरत नाही कारण गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त. उपाय साधा आहे, काही दिवस माल बंद ठेवा. बाजारात यावर 'चमत्कारी कल्चर'च्या बाटल्या मिळतात. अहो, गुरांच्या शेणात हे आर्किया आधीच असतात, चालू टाकीतली बादलीभर स्लरी हेच कल्चर. आणि शेणाच्या नावावर रेडिएशनपासून कॅन्सरपर्यंत जे काय खपवलं जातं त्याबद्दल न बोललेलंच बरं.

असो, गावाकडे वळू. कुठलीही व्हॅल्यू चेन, म्हणजे कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतची साखळी, दाखवली की मी एकच बघतो, गावाबाहेर कोणते अणू जातायत? नुसता पेंढा गाठी बांधून विकला तर त्याच्याबरोबर पालाश चाललं, कारण पेंढ्यात ते भरपूर असतं, आणि ते उद्या गोणीतून विकत आणायचं. तोच पेंढा शेणात मिसळून टाकीत घातला (नुसता चालत नाही, त्यात नत्राच्या मानाने कार्बन फार, २० ते ३० पट कार्बन असला की बरं, आणि त्यातलं लिग्निन, काडीला कडकपणा देणारा घटक, तर टाकीत पचतच नाही) तर बाहेर जाते फक्त ऊर्जा. शिवाय ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, ते ट्रकने लांब नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी फिरवणं. म्हणून प्रक्रिया मालाजवळच करावी लागते, आणि टाकी सांभाळणारे, पंप दुरुस्त करणारे, स्लरी पसरवणारे हातही तिथलेच लागतात. हे मला बायोइकॉनॉमीच्या बाजूचं सगळ्यात दणकट कारण वाटतं, बाकी भाषणं सोडा.

जर्मनीत लोअर सॅक्सनीमधल्या यूंडे गावाने २००५ मध्ये हेच केलं. गॅसवर इंजिन चालवलं की गॅसमधल्या ऊर्जेची वीज साधारण ३५ ते ४० टक्केच मिळते, बाकी सगळी उष्णता, ती गावाने वाया न घालवता गरम पाण्याच्या पाइपांनी घराघरात नेली, आणि मालकी गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेची. पण त्याच देशात उलटंही झालं, टाकीसाठी मुद्दाम पिकवलेल्या मालाला सरकारने जादा दर दिला आणि कित्येक भागांत जिकडेतिकडे मका. शेवटी २०१२ च्या नियमात नव्या प्लांटसाठी मका आणि धान्याला ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. टाकाऊ मालाची चेन आणि पिकाची चेन कागदावर सारखीच हिरवी दिसते, जमिनीला मात्र फरक कळतो. गळतीचंही तसंच, मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, त्यामुळे ढिसाळ झाकणाची टाकी फायद्याचा बराच भाग खाऊन बसते.

आणि मोठ्या प्लांटला माल विकताना स्लरी कोणाची हे करारात आधी बघा. 'घट्ट भाग परत देऊ' असं गोड बोलतात, न्यायला सोपा असतो ना. त्या घट्ट भागात स्फुरद बऱ्यापैकी येतं, पण पालाश आणि अमोनियम बहुतेक पातळ भागात राहतं, आणि ते पाणी लांब न्यायला कोणालाच परवडत नाही. म्हणजे प्लांट लांब असेल तर ते प्लांटशेजारच्याच शेतांवर पडणार, तुमच्या नाही.