मिलिटरीतला डॉक्टर नेमका कोणत्या दलाचा?

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या गावात ‘पोरगा मिलिटरीत डॉक्टर झाला’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लष्कराचाच गणवेश उभा राहतो. हे स्वाभाविक आहे, कारण विदर्भाने फौज पाहिली ती १८२१ पासूनच्या कामठी छावणीत आणि पुलगावच्या दारूगोळा भांडारात; नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, पण खेड्यातल्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही, आणि समुद्र तर लांबच. त्यामुळे ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणारी मुले लष्कर, नौदल की हवाई दल असा प्रश्न बारावीतच विचारतात. प्रत्यक्षात ही निवड बरीच नंतर होते, आणि त्यामागे जुना इतिहास आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १७६४ मध्ये बंगालमध्ये डॉक्टरांची स्वतंत्र सेवा उभारली. मद्रास व मुंबई इलाख्यांतही तशाच सेवा निघाल्या आणि १८९६ मध्ये तिन्ही मिळून इंडियन मेडिकल सर्व्हिस झाली. या सेवांत भरती होण्यासाठी त्याआधीच, १८५५ पासून, लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा होऊ लागली होती व त्याच वर्षी सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पहिले भारतीय त्यांत दाखल झाले. या सेवेतला डॉक्टर मुळात फौजेचा असे, पण शांततेच्या काळात त्याला जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन म्हणून मुलकी कामावर पाठवत आणि युद्ध सुरू झाले की परत बोलावून घेत. नोकरीला लागताना फिटनेसच्या दाखल्यावर आजही ज्या जिल्हा शल्यचिकित्सकांचा शिक्का लागतो, ते पद त्या व्यवस्थेतूनच आपल्याकडे उरले आहे.

दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ रोजी, विखुरलेल्या वैद्यकीय सेवा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. स्वातंत्र्याबरोबर इंडियन मेडिकल सर्व्हिस संपली. पुढे डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशींनुसार १९४८ मध्ये तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकाच महासंचालकाखाली आणली गेली. तिन्ही दलांनी वेगवेगळे डॉक्टर भरण्याऐवजी एकाच साठ्यातून घ्यावेत, हा निर्णय माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ चे. तिथे एमबीबीएसचे वर्ग मात्र १९६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले.

म्हणून पुण्यात प्रवेश घेताना दल निवडावे लागत नाही. शिक्षण संपल्यावर गुणवत्ता, पसंती आणि त्या त्या दलाची गरज पाहून नेमणूक होते. नागपूर किंवा सेवाग्रामहून एमबीबीएस झालेल्यालाही शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी होण्याची, वाट खुली असते. दल बदलले की पदाचे नाव बदलते: लष्करातला कॅप्टन हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट असतो आणि नौदलात सर्जन लेफ्टनंट, मग तो आयुष्यभर फक्त बालरोग का पाहीना. कामाचा पोतही बदलतो. वैमानिकांच्या आरोग्याचा अभ्यास बंगळूरच्या संस्थेत चालतो, तर पाणबुडे आणि पाणबुडीतील खलाशी यांच्याशी संबंधित वैद्यक मुंबईच्या अश्विनी रुग्णालयाच्या परिसरातील नौदल संस्थेत शिकवले जाते.

एकदा मिळालेले दल कायमचेच असते असेही नाही. डॉ. पुनीता अरोरा लष्करात लेफ्टनंट जनरल झाल्यावर नौदलात सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून गेल्या. २०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदी आलेल्या डॉ. आरती सरीन यांनी तर तिन्ही दलांचा गणवेश घातलेला आहे.