समासात शाई कुठपर्यंत आहे?

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत, नववीच्या वर्गासमोर मी उत्क्रांतीवर बोलत होते. विषय आवडीचा, मुलं लक्ष देऊन ऐकत होती. बोलता बोलता म्हणाले, "डार्विननं सांगितलंच आहे, जो समर्थ तोच टिकतो. आपल्याकडं म्हणतात ना, बळी तो कान पिळी!" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे त्यांच्या पुस्तकात कितव्या प्रकरणात आहे?"

"तिसऱ्या," मी लगेच सांगितलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' मी तोवर वाचलेलं नव्हतं. विज्ञानावर लिहिते, व्याख्यानं देते, पुस्तक कपाटात डोळ्यांसमोर आहे, पण पहिल्या प्रकरणातल्या कबुतरांपाशी मी दोनदा थांबले होते. तरीही 'तिसऱ्या' म्हणताना आपण खोटं बोलतोय असं मला जराही वाटलं नाही, आणि घरी आल्यावर तेच टोचत राहिलं. जाणूनबुजून थाप मारली असती तर गोष्ट सोपी होती. मला मनापासून वाटत होतं, की हे पुस्तक मला माहीत आहे.

हे वाटणं येतं कुठून? 1989 साली लॅरी जेकबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना काही नावं वाचायला दिली. सगळी अगदी सामान्य, कुणालाही माहीत नसलेल्या माणसांची. त्यातलं एक होतं सेबॅस्टियन वाइसडॉर्फ. मग या नावांत खऱ्या प्रसिद्ध व्यक्तींची आणि नवी अनोळखी नावं मिसळून विचारलं, यातलं प्रसिद्ध कोण? लगेच विचारलं तर लोक फसत नसत. हे नाव आपण आत्ताच यादीत वाचलं, हे त्यांच्या ध्यानात असे. पण एक दिवस जाऊ दिला, की यादी विसरलेली असे आणि नाव मात्र ओळखीचं वाटे. मग वाइसडॉर्फ कुणीतरी मोठा माणूस असणार, असा कौल लोक देत. रातोरात तो प्रसिद्ध झालेला असे.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात एखादा चेहरा दिसतो, हे गृहस्थ ओळखीचे आहेत याची खात्री असते, पण कुठले ते काही केल्या आठवत नाही. पुस्तकांचंही तसंच होतं. नाव शंभरदा कानावर पडलेलं, मुखपृष्ठ पाहिलेलं, दोन-चार वाक्यं कुणाच्या तरी भाषणातून आलेली. कुठून काय आलं हे पुसलं जातं आणि ओळख तेवढी उरते. मग कुणी विचारलं, "वाचलंय का?" की मन त्या ओळखीलाच वाचन समजून बसतं.

ही ओळख किती दूर नेऊ शकते हे मोजण्याची एक युक्ती कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डेलरॉय पॉलहस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडली. दीडशे गोष्टींची यादी द्यायची आणि प्रत्येकीची किती माहिती आहे ते विचारायचं. त्यात इतिहासातली माणसं, पुस्तकं, कविता, विज्ञानातल्या संज्ञा असं सगळं. मेख अशी, की दर पाचांतली एक गोष्ट जगात अस्तित्वातच नसते. 'मॅनहॅटन प्रोजेक्ट' खरा, पण त्याच रांगेत 'कोलरीन' आणि 'प्लेट्स ऑफ पॅरलॅक्स' बनावट. खऱ्या गोष्टी किती ओळखल्या यावरून ज्ञान कळतं, आणि नसलेल्या गोष्टी किती 'माहीत' आहेत यावरून आव कळतो.

या वाटेवरचं 2015 मधलं एक काम मला जास्त बोचलं. स्टाव्ह अटीर, एमिली रोझेन्झ्वाइग आणि डेव्हिड डनिंग यांना दिसलं, की एखाद्या विषयात स्वतःला जाणकार मानणारेच त्या विषयातल्या बनावट संज्ञा माहीत असल्याचं जास्त सांगतात. एका प्रयोगात काही जणांना भूगोलाची मुद्दाम सोपी चाचणी दिली. ती भराभर सुटल्यावर, आपल्याला भूगोल छान येतो असं त्यांना वाटू लागलं, आणि मग कुठल्याही नकाशात नसलेली गावंही त्यांच्या ओळखीची निघाली. त्या शाळेत मी नेमकी तशीच उभी होते. फुलांचा गुच्छ, ओळख करून देणाऱ्यांचे चार चांगले शब्द, समोर शांत बसलेली मुलं. अशा वेळी 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तोंडाशी येणं फार अवघड जातं.

मग खरंच कुणी काय वाचलं, हे कळायचं कसं? विचारून नाही, हे तर झालंच. पण वाचणाऱ्याच्या हातात पेन असेल तर खूण राहते. या एका गोष्टीवर अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच यांनी तीन दशकं घालवली.

कोपर्निकसचा ग्रंथ 1543 साली न्यूरेंबर्गला छापला गेला. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असं मांडणारं हे पुस्तक. चारशेच्या आसपास पानं, बरीचशी भूमितीनं आणि कोष्टकांनी भरलेली. लेखक आर्थर कोस्लर यांनी 1959 मध्ये त्याला 'कुणीच न वाचलेलं पुस्तक' म्हटलं, आणि ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. 1970 मध्ये गिंगरिच एडिंबरोच्या वेधशाळेत गेले होते. तिथल्या दुर्मीळ पुस्तकांत पहिल्या आवृत्तीची एक प्रत त्यांनी उघडली. समास शाईनं भरलेले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी गणितं तपासली होती, चुका दुरुस्त केल्या होत्या. बांधणीवर 'ई. आर.' ही आद्याक्षरं उमटवलेली. हा वाचक म्हणजे जर्मनीतल्या विटेनबर्गचा प्राध्यापक इरॅस्मस राइनहोल्ड, त्या पिढीतला मोठा खगोलगणिती.

कुणीच न वाचलेल्या पुस्तकाची पहिलीच हाती लागलेली प्रत इतकी बारकाईनं वाचलेली निघावी? गिंगरिच मग देशोदेशींच्या ग्रंथालयांत फिरले. पहिल्या आणि 1566 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मिळून सुमारे सहाशे प्रती त्यांनी नोंदवल्या. कुठल्या पानावर कुणाचं अक्षर, कुठं डाग, कुठं खाडाखोड. चर्चनं 1620 मध्ये काही वाक्यं खोडायला सांगितली होती. इटलीतल्या निम्म्याहून अधिक प्रतींत ती खोडलेली सापडली, इटलीबाहेर जवळपास नाहीच. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीतही ती खोडली आहेत, पण इतक्या हलक्या हातानं की खालचा मजकूर सहज वाचता येतो.

मला सगळ्यात विचार करायला लावतो तो राइनहोल्डच. पृथ्वी फिरते हे जिथं सांगितलंय, त्या सुरुवातीच्या भागात त्याच्या टिपा अगदी विरळ आहेत. पुढं गणित सुरू होतं तिथं शाई दाट होत जाते. आज ज्या कारणासाठी आपण पुस्तकाचं नाव घेतो, ते त्याच्या पहिल्या जाणकार वाचकाला महत्त्वाचं वाटलंच नाही! आणि समासातली शाईसुद्धा फसवू शकते. शिष्य गुरूच्या प्रतीतल्या टिपा आपल्या प्रतीत जशाच्या तशा उतरवून घेत. व्हॅटिकनमधल्या एका प्रतीतलं अक्षर प्रसिद्ध खगोलवेत्ता टायको ब्राहे याचं आहे, असं गिंगरिच यांनी आधी जाहीर केलं होतं. पुढं ते पॉल विटिख नावाच्या दुसऱ्याच गणितज्ञाचं निघालं, आणि आपली चूक त्यांनी स्वतः लिहून दुरुस्त केली. गिंगरिच यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे, त्यात या दुरुस्तीचा वाटा मोठा आहे.

हाच शोध आता यंत्रावरही घेता येतो. गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी 2014 मध्ये किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली पाच वाक्यं पुस्तकात सरासरी कितव्या पानावर येतात ते पाहिलं. लोक शेवटापर्यंत जात असतील, तर खुणा पुस्तकभर विखुरलेल्या हव्यात. स्टीफन हॉकिंग यांच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'मध्ये त्यांची सरासरी जागा पुस्तकाच्या 6.6 टक्क्यांवरच अडकलेली निघाली. हे काटेकोर संशोधन नव्हे, हे एलेनबर्ग यांनीही सांगितलं होतं. पण माझ्या घरातली हॉकिंगची प्रत उघडली, तर पेन्सिल दुसऱ्या प्रकरणातच थांबलेली आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी डार्विन काढला, पहिल्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. 24 नोव्हेंबर 1859 ला निघालेल्या 1,250 प्रतींचा मजकूर. तिसरं प्रकरण ओळ न ओळ वाचलं. जो समर्थ तो टिकतो, हे वाक्य तिथं नाही. पुढंही नाही. हा शब्दप्रयोग तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 चा. डार्विननं तो 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. तिसऱ्या प्रकरणात जे आहे ते 'बळी तो कान पिळी'च्या कितीतरी पुढचं आहे. जगण्याची धडपड हा शब्द मी व्यापक अर्थानं वापरतो, असं डार्विन तिथं सांगतो, आणि एका जिवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्यात धरतो. वाळवंटाच्या कडेला उभं असलेलं झुडूप दुष्काळाशी धडपडतं, तीही धडपडच. तांबड्या क्लोव्हरच्या फुलांचं परागण मोठ्या रानमाश्यांवर, माश्यांची पोळी उंदरांच्या तावडीत, उंदीर मांजरांच्या. म्हणजे गावात मांजरं किती, यावर शेतात फुलं किती हे ठरतं. हा सगळा खेळ नुसता कान पिळण्याचा नाही.

मी शाळेला पत्र लिहिलं. सांगितलेलं वाक्य त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत नाही, ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं, आणि तिसऱ्या प्रकरणात खरं काय आहे, असं तिन्ही. वर्गात वाचून दाखवावं अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी त्या मुलीचं आंतरदेशीय पत्र आलं. वहीतलं वाक्य तिनं खोडलं होतं आणि शेजारी मांजर, उंदीर, माशी, फूल अशी साखळी काढली होती. खाली एकच प्रश्न: "मॅडम, आता तुम्ही कुठपर्यंत आलात?"

पाचव्या प्रकरणात आहे, असं मी तिला कळवलं. अटलांटिक महासागरातल्या मदिरा बेटावरच्या भुंगेऱ्यांपाशी पेन्सिलीची शेवटची खूण आहे. तिथल्या 550 जातींपैकी 200 जातींना उडण्याजोगे पंखच नाहीत. जे उडत ते वाऱ्यानं समुद्रात जात, आणि जे जमिनीला धरून राहिले त्यांची पिल्लं वाढली.