काना लवकर आला की गोष्ट लवकर येते

मराठी शाळांतला अक्षरओळखीचा जुना क्रम आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे: आधी मुळाक्षरे, मग काना-मात्रा नसलेले शब्द आणि त्यानंतर बाराखडी. या क्रमाने शिकणाऱ्या मुलासाठी पहिले पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाती काय उरते, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. ‘गेला’, ‘खाते’, ‘घरात’, ‘ताईने’ यांपैकी एकही शब्द त्याला वापरता येत नाही, कारण मराठीत काळ, लिंग आणि विभक्ती बहुधा शब्दाच्या शेवटच्या स्वरचिन्हातूनच कळतात. उरते ती केवळ आज्ञा: ‘मगन, घर बघ’, ‘रमण, फळ धर’. भूतकाळच नसेल, तर गोष्ट सांगायची कशी? त्या पाठांत काही घडत नसे, याचा दोष लेखकाच्या कल्पनाशक्तीला देणे अन्यायाचे आहे.

34 व्यंजनांची बाराखडी मांडली, तर 408 अक्षररूपे होतात. ती सगळी येईपर्यंत वाचन थांबवण्याऐवजी आता अनेक वर्गांत थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह एकत्र शिकवतात. म, क, ल, आ आणि काना एवढ्यावर ‘मामा आला’ हे वाक्य तयार होते. दुसरी वेलांटी मिळाली की ‘काकी आली’. कोणीतरी आले, म्हणजे गोष्ट सुरू झाली.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार असल्याचे मांडले. गुणाकारात एक संख्या शून्य असली, तर उत्तरही शून्यच. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ या तालुक्यांत घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाने प्रमाण मराठीतला शब्द अचूक उच्चारला, तरी तो त्याला समजलेला असेलच असे नाही. म्हणून तिथे चित्रे आणि घरच्या भाषेतले शब्द पुस्तकात हवेतच.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे मोजक्या अक्षरांच्या पुस्तिका वाढतील, आणि त्या हव्यातही. पण मुलाला वाचून दाखवायच्या पुस्तकांना तीच मोजपट्टी लावू नये. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द नाशिकचे मूल बस थांब्यावर रोज ऐकते, जरी तो स्वतः वाचायला त्याला बराच अवकाश असला; मोठ्यांनी वाचून दाखवायच्या गोष्टीत तो पहिल्याच ओळीत खुशाल येऊ द्यावा.