वनखातंच जंगल पेटवतं?

जानेवारीत मेळघाटात धूर दिसला की ‘वनखातंच जंगल जाळतं’ ही जुनी चर्चा सुरू होते. खातं जाळतं हे खरं, पण जंगल नव्हे, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून वाळवतात आणि वारा पडलेला पाहून, दोन्ही कडांना माणसं उभी करून जाळतात. पुढे जमिनीलगत सरकत आलेल्या आगीला तिथे खायलाच काही मिळत नाही. गवत ओलं राहिलं तर अर्धवट जळतं आणि एप्रिलमध्ये तोच पट्टा आगीला वाट देतो. धुमसता ओंडका तर वैरीच. ठिणगी रात्री पलीकडे जाते. शिवाय सागाची पानगळ चालूच असते, म्हणून पट्ट्यावरचा पाचोळा ब्लोअरने पुन्हा पुन्हा उडवावा लागतो.