गिटार्स, कॅडिलॅक्स, एट्सेट्रा, एट्सेट्रा

कंट्री म्हणजे ग्रामीण अमेरिकेतल्या लोकसंगीतातून वाढलेली गाण्याची शैली; तिच्यातले अमेरिकन गायक-गीतकार ड्वाइट योकम (जन्म : २३ ऑक्टोबर १९५६) यांचा पहिला पूर्ण आल्बम. मार्च १९८६ मध्ये रिप्रीझ रेकॉर्ड्सने तो प्रसिद्ध केला. गाणी दहा, निर्मिती व मुख्य गिटारवादन पीट अँडरसन यांचे. अडगळीत पडलेली हॉन्की-टॉन्क शैली ज्या मोजक्या आल्बमांनी पुन्हा रेडिओवर आणली, त्यांत हा अग्रभागी आहे. विशेष म्हणजे ती कंट्री संगीताची राजधानी समजल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमधून नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या रॉक क्लबांमधून परत आली.

हॉन्की-टॉन्क म्हणजे मुळात नाचायला जागा असलेला दारूचा गुत्ता. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यावर टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या तेलक्षेत्रांत असे गुत्ते फोफावले. ग्लासांचा खणखणाट, नाचणाऱ्यांची पावले आणि गिऱ्हाइकांचा गलका या सगळ्यावर गाणे ऐकू जायला हवे, म्हणून वादकांनी विजेची गिटार हाती घेतली. पुढे ड्रम्स आले. तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवतात त्या स्टील गिटारचा लांबवलेला, हुंदक्यासारखा सूर या संगीताची ओळख ठरला. विषयही त्या जागेचेच : मोडलेले घर, चोरटे संबंध, दारू आणि दारूनेही न शमणारे दुःख. अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल हे या शैलीचे मोठे गायक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेले एकटे व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस पुढे आणला. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे मात्र बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड यांनी टेलिकास्टर या विजेच्या गिटारचा धारदार आवाज सोडला नाही. योकम यांचे घराणे हेच.

त्यांचा जन्म केंटकीतल्या पाइकव्हिलचा, वाढले ते ओहायोतील कोलंबसमध्ये. केंटकीच्या डोंगराळ कोळसापट्ट्यातून कारखान्यांतल्या कामासाठी उत्तरेकडे गेलेल्या हजारो कुटुंबांपैकीच त्यांचे एक. या लोकांना शहरात ‘हिलबिली’ (डोंगरातले गावंढळ) म्हणून हिणवले जाई. योकम यांनी तो शब्द मानाने मिरवला. नॅशव्हिलमध्ये त्यांची डाळ शिजली नाही; पॉपकडे झुकलेल्या त्या काळच्या बाजारात हे गाणे जुनाट ठरत होते. १९७७ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे द ब्लास्टर्स, लॉस लोबोस यांसारख्या रॉक बँडांबरोबर पंक आणि रॉकच्या क्लबांत ते गाऊ लागले. त्यांचे पहिले खरे श्रोते म्हणजे ही पंक ऐकणारी तरुण पोरे. बेगडीपणा न खपवणाऱ्या या पोरांना योकम यांच्या उघड्या, नाकातून येणाऱ्या आवाजातला खरेपणा लगेच उमगला, असे मला वाटते.

१९८४ मध्ये ओक रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीकडून सहा गाण्यांची तबकडी निघाली. रिप्रीझने करार केल्यावर ती सहाही गाणी ठेवून आणखी चार जोडली आणि हा आल्बम तयार झाला.

त्यातली तीन गाणी जुनी आहेत. ‘हॉन्की टॉन्क मॅन’ हे जॉनी हॉर्टनचे १९५६ चे, म्हणजे योकम यांच्या जन्मवर्षातले गाणे. ‘हार्टएक्स बाय द नंबर’ गीतकार हार्लन हॉवर्डचे, ‘रिंग ऑफ फायर’ जॉनी कॅशमुळे घरोघरी पोचलेले. शीर्षकगीतात शहराने आणि प्रेमाने फसवलेला खेड्यातला माणूस म्हणतो की आता आपल्यापाशी गिटार, कॅडिलॅक मोटारी आणि हिलबिली संगीत एवढेच उरले आहे. अँडरसन यांची गिटार इथे शब्दांना टोमणे मारल्यासारखी मधेमधे बोलते. ‘बरी मी’ मध्ये गायिका मरिया मॅकी यांची साथ आहे. ‘मायनर्स प्रेअर’ हे खाणकामगाराचे गाणे ब्लूग्रास (बिनविजेच्या तंतुवाद्यांवरचे डोंगरी कंट्री) धाटणीचे. योकम यांचे आजोबा कोळशाच्या खाणीत काम करत.

माझ्या मते आल्बमचा प्राण ‘साउथ ऑफ सिनसिनाटी’ या गाण्यात आहे. एक बाई दूर गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षे पत्रे लिहिते आणि लपवून ठेवते. तो शिकागोच्या थंड खोलीत पीत पडलेला आहे. सिनसिनाटीच्या दक्षिणेला, ओहायो नदी ओलांडून घरी आलास तर मी तुझीच, एवढेच तिचे म्हणणे. स्थलांतराची किंमत इतक्या कमी शब्दांत सांगणारे गाणे कंट्रीतही विरळा.

आल्बम आला तेव्हा कंट्रीची विक्री ओसरत होती आणि हे संगीत संपत चालल्याची चर्चा होती. या पार्श्वभूमीवर समीक्षकांनी, त्यातही रॉकवर लिहिणाऱ्यांनी, त्याचे मनापासून स्वागत केले. कंट्री रेडिओही मागे राहिला नाही : बिलबोर्डच्या कंट्री यादीत ‘हॉन्की टॉन्क मॅन’ तिसऱ्या आणि शीर्षकगीत चौथ्या क्रमांकावर गेले. दारूच्या बाकावरून पडणाऱ्या माणसाचे ‘इट वोन्ट हर्ट’ मात्र ३१ व्या क्रमांकावर अडकले. आल्बम कंट्री आल्बमांच्या यादीत पहिला आला, पुढे प्लॅटिनम (अमेरिकेत दहा लाख प्रती) ठरला. ‘हॉन्की टॉन्क मॅन’चा व्हिडिओ एमटीव्हीवर दाखवला गेलेला पहिला कंट्री व्हिडिओ मानला जातो. अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकने योकम यांना १९८६ चा सर्वोत्तम नवा गायक हा पुरस्कार दिला. नॅशव्हिलच्या कारभारावर ते उघड टीका करत, त्यामुळे तिथल्या धुरीणांशी त्यांचे संबंध ताणलेलेच राहिले.

त्याच वर्षी रँडी ट्रॅव्हिस आणि स्टीव्ह अर्ल यांचेही पदार्पणाचे आल्बम गाजले. या तिघांना ‘नवपरंपरावादी’ म्हणून एकत्र बांधतात. पण बारच्या धुराचा वास योकम यांच्याच गाण्याला अधिक येतो. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ मधील बारच्या प्रसंगात शीर्षकगीत वाजते, आणि कंट्री कधीच न ऐकणाऱ्यांच्या कानांवरही ते तिथे पडले.

या यशाचा एक गोड परिणाम बक ओवेन्स यांच्या बाबतीत दिसला. जवळपास निवृत्त झालेल्या ओवेन्स यांना योकम यांनी पुन्हा मंचावर ओढले आणि १९८८ मध्ये दोघांचे ‘स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड’ पहिल्या क्रमांकावर गेले. आल्बमच्या विसाव्या वर्षी, २००६ मध्ये, विस्तारित आवृत्ती निघाली. तिच्यात हॉलिवूडच्या रॉक्सी क्लबमधली १९८६ ची मैफल आहे आणि १९८१ ची कच्ची ध्वनिमुद्रणेही आहेत. यातली काही गाणी कोणी दारात उभे करत नव्हते तेव्हाच तयार होती, हे त्या ध्वनिमुद्रणांतून ऐकू येते.