पोवळ्याला भूक लागते

गेल्या महिन्यात मामीबरोबर कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेलो होतो. मामेबहिणीच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून तिला पोवळ्याची अंगठी करायची होती. सराफाने पाच-सहा खडे समोर मांडले. मामी त्यातला एक बोटांत फिरवत म्हणाली, "समुद्रातलं झाड असतंय न्हवं हे? वाळवून खडा करत्यात."

मंगळाचा आणि लग्नाचा काडीचा संबंध नाही, हे मी तिला तिथंच सांगितलं. मंगळ तांबडा दिसतो तो त्याच्या मातीतल्या लोखंडाच्या गंजामुळे. पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शंख-शिंपल्यांचंच द्रव्य, आणि त्याला लाली देतात ती कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यं. एका रंगावरून दोघांची सोयरीक जुळवून मुलीचं भवितव्य ठरवणं मला अजिबात पटत नाही. मामीने अंगठी केलीच. मी घरी घेऊन आलो तो तिचा दुसरा शब्द, 'झाड'.

ही समजूत थोरामोठ्यांचीही होती. १७०६ साली लुइजी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजं लाल पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं, तर फांदीवर आठ-आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. फुलं आहेत म्हणजे वनस्पतीच, असं सगळ्यांनी धरलं. वीसेक वर्षांनी पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने तीच फुलं काचेच्या भांड्यात नीट न्याहाळली. ती हलत होती, आक्रसत होती. हे इवले प्राणी आहेत, असं त्याने लिहून कळवलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे रेओम्यूर या शास्त्रज्ञाने ते मत मांडलं खरं, पण बिचाऱ्या पेसोनेलची अप्रतिष्ठा नको म्हणून त्याचं नाव घेतलं नाही!

आज प्रवाळ हा प्राणी आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. पण झाड काही डोक्यातून जात नाही, कारण उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर साखर करतात आणि यजमानाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवतात. म्हणून घरच्या खाऱ्या टाकीत प्रवाळ ठेवणारे सगळा पैसा दिव्यांवर ओततात. मात्र कठीण सांगाड्याच्या प्रवाळांतल्या जवळजवळ निम्म्या जाती हे शैवाल बाळगतच नाहीत. त्या खोल पाण्यात, कपारीत, अंधारात असतात. गुजरीतलं पोवळंही याच अंधारातल्या मंडळींपैकी, भूमध्य समुद्रातल्या गुहांमध्ये वाढणारं. अशांना दिवा कितीही भारी लावा, उपयोग नाही. त्यांना जेवायला घालावं लागतं.

माझ्याकडे शंभर लिटरची टाकी आहे. तिच्यात मऊ अंगाचं एक लाल प्रवाळ दगडाच्या छताला उलटं टांगलंय. शौकीन लोक त्याला 'चिली कोरल' म्हणतात आणि मिटलेलं असताना ते खरंच संकेश्वरी मिरचीसारखं दिसतं. रात्री खोलीतला दिवा मालवून तासभर गेला की ते पाणी पिऊन फुगतं आणि अंगभर पांढरे पॉलिप, म्हणजे ते फुलासारखे इवले प्राणी, बाहेर येतात. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येकाला आठ हात आणि हातांना दोन्ही बाजूंनी पिसासारखे दाते. मार्सिलीची 'फुलं' ती हीच. ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची अंडी मी आदल्या दिवशी खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवतो. चोवीस तासांत नारिंगी ठिपक्यांएवढी पिल्लं निघतात. पिपेटने ती प्रवाहात सोडली की एखादं पिल्लू हाताला चिकटतं, हात आत वळतो आणि पॉलिप मूठ मिटावी तसा मिटतो. हे बघत मी रात्रीचे बारा वाजवले आहेत.

खरी गंमत यापुढे आहे. प्रकाशावर जगणाऱ्या प्रवाळाचं जेवण त्याच्या अंगातच तयार होतं. याचं जेवण मात्र पाण्यातून जातं आणि बरंचसं पाण्यातच उरतं. हिशेब करून पाहू. एक ग्रॅम कोरड्या खाद्यात निम्मी प्रथिनं धरली, तर प्रथिनांचा १६ टक्के भाग नायट्रोजन असतो, म्हणजे ८० मिलिग्रॅम. तो सगळा शेवटी नायट्रेट झाला, तर नायट्रेटचा रेणू नायट्रोजनच्या साडेचार पट जड असल्यामुळे ३५० मिलिग्रॅमच्या वर जातो. शंभर लिटरमध्ये लिटरला साडेतीन मिलिग्रॅम, आणि रोज ग्रॅमभर घातलं तर हे एकाच दिवसाचं. निरोगी प्रवाळखडकाजवळच्या पाण्यात नायट्रेट लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा नसतो.

त्याआधीची पायरी तर जास्त घातक. प्रथिन कुजलं की, किंवा प्राण्याने पचवून टाकलं की, अमोनिया निघतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. एकावर विद्युतभार असतो, ते तुलनेने निरुपद्रवी. दुसऱ्यावर नसतो, ते पेशीच्या पडद्यातून सरळ आत शिरतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, ७ असेल तर हे विषारी रूप शंभरात अर्धा भाग असतं. समुद्राचा पीएच ८.२, तिथं तेच सात-आठ भाग होतं. गोड्या पाण्यात मासे पाळलेला माणूस खाऱ्या टाकीत फसतो तो इथंच. माझी पहिली टाकी अशीच गेली. हात सैल सोडून खाऊ घातलं, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला.

यातून सोडवतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवरच ते जगतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये झुरिकला हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथं ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथं तिसरा गट असतो. त्याला श्वासाला ऑक्सिजन हवा, तो नायट्रेटमधून काढून घेतो, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. म्हणून टाकीतला दगड शोभेचा नाही, ते तिचं सांडपाणी केंद्र आहे. हा तिसरा गट सावकाश काम करतो, म्हणून दर रविवारी वीस लिटर पाणी बदलणं मला चुकत नाही. आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. आमच्या रंकाळा तळ्यात जलपर्णी माजते तेव्हाही गणित हेच असतं. आत येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस जास्त, बाहेर जाणारा कमी. टाकीत बादलीने पाणी बदलता येतं, तळ्यात नाही.

'ऑटोमॅटिक फीडर लावा आणि विसरा' अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मालवणला गेलात तर प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. खड्याचं पोवळं तर वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही.

परवा मामी घरी आली तेव्हा मुद्दाम रात्रीपर्यंत थांबवून घेतली. दिवा मालवला. मिरची फुगली, पॉलिप उघडले, मी पिल्लं सोडली. मामी काचेला नाक लावून बघत होती. एक हात वळला तशी म्हणाली, "आगं बाई, घास घेतंय की!" मग अंगठीकडे एकदा बघून विचारलं, "ह्यातल्यानंबी असंच खाल्लं असंल?"

"असंच," मी म्हटलं. "कित्येक वर्षं."